खिशातला फ्यूज

आधी ते मोबाईल खाली ठेवा. खिदळायचं असेल तर आत्ताच खिदळून घ्या. मी थापा मारत नाही, माझ्या सख्ख्या साडूंची गोष्ट आहे.

साडू बंदरावर रडार मेकॅनिक. सेट जुन्या लढाऊ जहाजावरून उतरवलेला, कपाटाएवढा. आत मॅग्नेट्रॉन, म्हणजे चुंबकात बसवलेला तांब्याचा ठोकळा. तो लहरींची हाक मारतो. हाक कशावर आपटून परत आली की पडद्यावर ठिपका. हाकच नाही, तर ठिपका नाही. एवढं ध्यानात ठेवा.

वर अँटेना पुसायला चढताना फ्यूज काढून खिशात टाकायचा, असा त्यांचा नियम. खाली कुणी चुकून सेट लावला तर वरचा माणूस भाजायचा. बावीस वर्षांपूर्वी, धुक्यात, साडू पुसून उतरले, चहाला बसले... फ्यूज खिशातच. धाकटा भाऊ बोट घेऊन येत होता, दादा वायरलेसवर वाट सांगेल या भरवशावर. खडकावर आपटला. प्रेतही मिळालं नाही. पोरासारखा वाढवलेला हो! फ्यूज तेव्हापासून साडूंच्या खिशात.

गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. दुसऱ्या दिवशी सकाळी सेट भंगारात जायचा होता. साहेब म्हणाले, मॅग्नेट्रॉन तेवढा काढून आणा. गंजलेले स्क्रू काढता काढता रात्रीचे पावणेबारा वाजले. साडूंनी ठोकळा टेबलावर ठेवला.

आणि पडदा उजळला.

"वीज कुठून आली, काका?"

तेच सांगतोय ना, गाढवा! वीज वर्षापूर्वीच तोडलेली. मॅग्नेट्रॉन टेबलावर. मग हाक मारली कुणी?

ठिपका. तीन मैलांवर.

दोन...

साडूंनी माइक ओढला. "बाळ्या, डावीकडे घे! डावीकडे!"

एक मैल.

"बाळ्या, दादा बोलतोय रे..."

...

खडकापाशी ठिपका थांबला. विझला. दुसऱ्यांदा.

सकाळी मी गेलो तेव्हा माइक धरूनच बसले होते. मला सगळं सांगितलं, फ्यूज माझ्या हातात ठेवला. त्यानंतर आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत. मेहुणी भरवते तेव्हा जेवतात.

हा घ्या तो फ्यूज. काचेची नळी, दोन्ही टोकांना घट्ट पितळी टोप्या. तार शाबूत आहे, बघितलीत? आता दिव्यासमोर आडवा धरा.

अर्धा पाण्याने भरलाय.