टेक्लाची बाकी

उप्सालाच्या हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधार पडतो. राग्नहिल्डने वेधशाळेतल्या आपल्या खोलीत दिवा लावला, कॉफीचा कप गणनयंत्राशेजारी ठेवला आणि रोजच्यासारखी यंत्राची मूठ फिरवायला बसली. खर्र... खर्र...

काम साधं, पण जीव खाणारं. चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, जिची परीक्षा चालली होती त्या एकोणचाळीस आकडी संख्येने भागायचं, आणि उरलेल्या बाकीचा पुन्हा वर्ग. ठरलेल्या शेवटच्या पायरीला बाकी शून्य आली, तर ती संख्या मूळ. मग एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागू शकत नाही.

वेधशाळेचे प्रमुख प्रोफेसर सेडरक्विस्ट यांनी मात्र ती भागली जाते, असं चारचौघांत सांगून टाकलं होतं. त्यांना खोटं पाडायचं तर वेधशाळेची रीत पाळणं भाग होतं. राग्नहिल्ड आणि टेक्ला, दोघींनी शेजारशेजारच्या दोन खोल्यांत तेच गणित करायचं. दिवसाचं काम संपताना मधल्या भिंतीवर टकटक करून बाकीचे शेवटचे तीन आकडे तेवढे बोलायचे. एकटीच्या उत्तराला किंमत नाही.

आणि पलीकडच्या खोलीतली टेक्ला न्यूमोनियाने गेली. प्रोफेसरांनी तिच्या खोलीला कुलूप घातलं.

"आता सोडा, बाई," ते म्हणाले. "साक्षीदारच उरला नाही तुम्हाला."

राग्नहिल्ड हट्टाने एकटीच पुढे गेली. एकदा काम संपल्यावर सवयीने तिचा हात भिंतीकडे गेला. टकटक करून "चार, एक, सात" असं बोलूनही गेली. स्वतःच्या खुळेपणाचा तिला राग आला. तेवढ्यात पलीकडून दबका आवाज आला.

"चार... दोन... सात."

ती भिंतीपासून मागे सरली. तरी काय वाटलं कोण जाणे, तिने गणित पुन्हा तपासलं. दशकाच्या घरात एक हातचा राहिला होता.

"वेंधळी ती वेंधळीच..." भिंत पुटपुटली.

टेक्ला असंच म्हणायची. राग्नहिल्डला भीतीही वाटली आणि रडूही आलं. त्यानंतर रोज ती टकटक करी, आणि रोज उत्तर येई.

शेवटच्या पायरीला तिने प्रोफेसरांना बोलावून घेतलं. मूठ थांबली. यंत्राच्या आकडे दाखवणाऱ्या खिडकीत सगळी शून्यं.

"एकटीचं शून्य," प्रोफेसर हसले.

तिने भिंतीवर टकटक केली.

"शून्य... शून्य... शून्य..."

प्रोफेसरांचा चेहरा पांढराफटक पडला. कसंबसं त्यांनी कुलूप उघडलं. खोलीत टेक्लाच्या आजारपणातल्या कापराचा वास होता. खुर्ची रिकामी. यंत्रावर धूळ साचलेली, आणि त्याच्या खिडकीत ओळीने शून्यं.

"मूळ आहे," ते हळूच म्हणाले. "मी चुकलो."

राग्नहिल्ड मोठ्याने हसली. इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. "जिंकलो गं, टेक्ला," ती म्हणाली, आणि ते साऱ्या वेधशाळेला ऐकू गेलं.

ते ऐकून जमलेले सगळे पांगल्यावर तिने कोट चढवला. पलीकडे मूठ फिरू लागली.

"चाराचा वर्ग सोळा... वजा दोन, चौदा... बस की गं..."

टेक्लाने पुढची संख्या घेतली होती. कितीही मोठी मूळ संख्या सापडली तरी तिच्याहून मोठी असतेच, त्या कधी संपत नाहीत, हे राग्नहिल्डला शाळेपासून ठाऊक होतं. तिने कोट काढला आणि खुर्ची पुढे ओढली.