प्रूनाच्या मागे उतरलेला माणूस

याशहून तिमिशोआराला जाणारी गाडी दिवसभर धावते. इलिंका डब्यात शिरली तेव्हा समोरच्या जागेवर एक तरुण बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक म्हातारा, करडा बोका पेंगत होता.

तिने आपली टोपली शेजारी ठेवली. आतून तिच्या मांजरीने, प्रूनाने, लगेच रडगाणं सुरू केलं.

"आवाज चांगलाय," तो म्हणाला.

"ही तर सुरुवात आहे. तुम्ही कुठवर?"

"तिमिशोआरा."

"अरेरे... मग तुमचं काही खरं नाही."

तो हसला. हसताना डोळे बारीक व्हायचे त्याचे. नाव होरिया. नोकरीसाठी बिऱ्हाड हलवत होता. तीही नव्या शाळेत शिकवायला निघाली होती. दुपारपर्यंत दोघांनी पाव, चीज आणि बोक्याच्या वाटणीचे मासेसुद्धा संपवले होते.

वात्रा दोर्नेईला गाडी थांबली. प्रूनाला पाणी द्यायला इलिंकाने टोपली उघडली, नेमकं कुणीतरी दार सरकवलं — आणि प्रूना निसटली. डब्याच्या बोळकांडीतून, पायऱ्यांवरून, थेट फलाटावर.

"याला धरा," होरियाने बोका तिच्या हातात कोंबला आणि खाली उडी मारली. ती दारापर्यंत पोचेतो गाडी हलली होती.

त्याचा फोन डब्यातच राहिला होता. पुढच्या लहानशा स्टेशनवर ती दोघांचं सामान आणि बोका घेऊन उतरली. तिथल्या स्टेशनमास्तर बाईंनी मागे वात्रा दोर्नेईला फोन लावला, ऐकलं, आणि ओठ दाबून हसल्या.

"लाल स्वेटरवाला ना? लाकडांच्या ढिगाशेजारी पालथा पडून 'ये बाई, ये' करतोय म्हणे."

इलिंका बाकावर बसून राहिली. देवदारांवरून धुकं उतरत होतं. बोका तिच्या कोटात शिरून घुरघुरत होता.

बऱ्याच वेळाने लाकडं वाहणारा एक ट्रक थांबला. होरिया उतरला, हातभर ओरखडे, आणि स्वेटरच्या गळ्यातून डोकावणारे दोन रागीट कान.

इलिंकाने प्रूनाला छातीशी धरलं.

"तू उतरलीस?" तो म्हणाला.

"तुमचा बोका होता ना माझ्याकडे."

"एवढ्यासाठीच?"

"गाडी सुटेल हे दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं. पण तुझा चेहरा असा झाला होता, की..." तो थांबला. "मग गाडीचं काही वाटेना."

ती त्याच्या ओरखड्यांवरून हळूच रुमाल फिरवत राहिली.

"होरिया, उतरले तेव्हा मला प्रूनाचीच काळजी होती," ती म्हणाली. "पण इथे बसल्यावर... तू येतोस की नाही, याचीच वाटायला लागली."

त्याने तिचा हात रुमालासकट धरून ठेवला. तेवढ्यात बोक्याने कोटातून मान बाहेर काढली, प्रूना फिस्कारली, आणि बोकाही गुरगुरला.

"या दोघांचं जमायला वेळ लागेल," होरिया म्हणाला.

"लागू दे," इलिंका म्हणाली. "एकाच घरात राहिले की जमेल."