चौकशीला दिलेलं नाव

बूढापाऱ्यात टेलरच्या दुकानातून ब्लाउज घेऊन कौमुदी बाहेर पडली, आणि समोर नरेंद्रमामा! तिचे नव्हेत. परवा तिला पाहून गेलेल्या मुलाचे मामा.

"बरी भेटलीस, बेटा. आमचा होकार आहे! आज संध्याकाळी बोलणी करायला तुमच्याकडेच येऊन राहिलो."

"हो... होकार?"

"तुझ्या त्या मित्राकडे गेलो होतो ना काल. निरंजन. एक तास बोलला पोट्टा! रुसली की दोन दिवस बोलत नाही, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच डबा घेऊन येते म्हणे! एवढं चांगलं तर सख्खी आईही सांगत नाही."

मामा हसत पुढे गेले. कौमुदी स्कूटीची किल्ली भलत्याच स्कूटीला लावत राहिली.

झालं होतं असं, की चौकशीसाठी मुलाकडच्यांनी रीतीप्रमाणे घराबाहेरचं एक नाव मागितलं होतं, आणि कौमुदीनं फार हिशेबीपणानं निरंजनचं दिलं होतं. शहर नव्या राज्याची राजधानी झालं त्या वर्षी कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला दोघं एका टेबलावर आली. पुढे ग्रुप पांगला, कोणी भिलाईला, कोणी पुण्याला. शहरात उरली ही दोघं. या आठ वर्षांत त्यानं तिचं कौतुक केलं ते दोनदा, त्यातलं एकदा तापात बरळताना, म्हणजे ते धरायचं नाही. असा माणूस चौकशीला आलेल्यांना काय सांगणार? भांडकुदळ आहे, हट्टी आहे. मग नकार येणार, आणि कोणाला वाईटपणा नाही. स्वतः नकार द्यायचा तर आई विचारणार, "काहून?" आणि त्या 'काहून'चं उत्तर कौमुदीनं अजून स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

आणि या गाढवानं होकार आणून ठेवला!

उरल्याच्या कारखान्यांपाशी पोचेपर्यंत ट्रकांची धूळ केसांत बसली होती आणि राग नाकावर. निरंजन कामाला होता त्या रोलिंग मिलच्या गेटवर म्हातारा नत्थू रजिस्टर उघडून बसला होता.

"मैडम, काम का लिखंव?"

"लिहा, भांडण."

नत्थूनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे 'पर्सनल' लिहिलं.

निरंजन हेल्मेट घालूनच धावत आला. पापण्यांवर लोखंडाची काळी भुकटी.

"तू इथं? घरी सगळे ठीक ना?"

"चांगलं काहून सांगितलं माझ्याबद्दल?"

"म्हणजे?"

"आठ वर्षं माझ्या पोह्यांना वॉलपुट्टी म्हणतो, अन् ऐन वेळेवर... मामांना काय सांगितलं? रुसली की दोन दिवस बोलत नाही, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच डबा घेऊन येते. हे लोकांना सांगायचं असते?"

"खोटं होतं का?"

"खरं होतं म्हणूनच तर!"

आता तोही तापला. "अन् नाव कोणी दिलं माझं? तूच ना? मले वाटलं, तुले हे स्थळ पाहिजे. तू भरवशानं नाव द्यायचं अन् मी टांग मारायची? सोपं वाटून राहिलं का तुले ते? एकेक वाक्य बोलताना..."

"बोलताना काय?"

एक ट्रक हॉर्न मारत गेला. धूळ बसली तसा तो बोलला.

"मामांनी जाताना विचारलं... एवढी चांगली पोट्टी आहे, तर तू काहून नाही केलं लग्न?"

कौमुदीचा आवाज आपोआप खाली आला. "मग?"

"मी म्हटलं, मामा, चहा थंडा होऊन राहिला."

तिला हसू आलं, पण राग अजून बराच शिल्लक होता.

"आठ वर्षांत मले काहून नाही सांगितलं?"

"तू नाही म्हटलं असतं तर दोस्त पण गेला असता. कॉलेजातून तेवढंच तर घेऊन निघालो मी."

"फोन लाव मामांना. राहिलेलं सांग."

"आता?"

"आत्ता."

त्यानं नंबर फिरवला. घसा दोनदा साफ केला. "मामा, निरंजन बोलतो. काल एक गोष्ट राहून गेली... तिची नाही, माझी. ती... मले आवडते. पहिल्या वर्षापासून."

फोनमधून आलेला आवाज गेटपर्यंत ऐकू गेला. "मग काल माझा तासभर काहून खाल्ला रे! बहिणीले होकार कळवून बसलो ना मी! पोट्टीले तरी सांगितलं का?"

"ती... इथंच उभी आहे."

"मग माझ्याशी काय बोलून राहिला? ठेव!"

फोन बंद झाला. कौमुदी हाताची घडी घालून उभी.

"वा! मामांना सांगितलं. मले?"

"तूच म्हणाली ना, फोन..."

"मले कोणी विचारलंच नाही, निरंजन. आईबाबांनी नाही, मामांनी नाही, तू तर नाहीच." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. याचाही तिला रागच आला.

त्यानं हेल्मेट काढलं. कपाळाचा वरचा भाग गोरा, खाली सगळा काळा. असा हास्यास्पद चेहरा इतक्या गंभीरपणे आपल्याकडे पाहताना तिनं कधी पाहिला नव्हता.

"कौमुदी... मी चालतो का तुले?"

तिनं ओढणीच्या टोकानं त्याच्या पापण्यांवरची भुकटी पुसली. हळूच, एकेक.

"हव," ती म्हणाली. "पण राग गेला नाही, सांगून ठेवते. संध्याकाळी घरी ये. बाबांशी तूच बोलायचं. मी बाजूला बसीन, एक शब्द बोलणार नाही."

"तू? एक शब्दही नाही?"

तिनं अशी नजर टाकली, की निरंजननं हेल्मेट पुन्हा घालून टाकलं.