वेहनीवरून उतरलेला

कॉफीची तिसरी फेरी ओतली गेली, तसं सिसायने म्हाताऱ्या अदमासूंना डिवचलं. "अदमासू गाशे, मागच्या गोष्टीतलं तुमचं तरस शेवटी पुजाऱ्याचं कुत्रं निघालं. आज तरी खरं सांगा."

"खरंच सांगतो. बेलाचू माझा शेजारी. पटत नसेल तर त्यालाच विचार. तुझ्यासारख्याला तो उभाही करणार नाही म्हणा," म्हातारा म्हणाला. पोरं हसली. पेला खाली ठेवून त्याने सुरुवात केली.

तीन वर्षं झाली. हिदार महिन्याची बारावी, संत मिकाएलच्या सणाची रात्र. गोंदरहून आलेल्या बसमधून बेलाचू फाट्यावर उतरला तेव्हा अंधार पडून चार तास झाले होते. बहिणीचं, यशारेगचं, गाव वेहनी डोंगराच्या पायथ्याशी. पुढे तासाभराची पायवाट.

तिचा एकुलता एक मुलगा मुलुकेन त्या दुपारी गोंदरच्या इस्पितळात वारला होता. तिला पत्ता नव्हता. मरणाची बातमी आपण फोनवर देत नाही, रात्रीही देत नाही. बेलाचूने गावातल्या जाणत्या माणसांना उठवायचं, उजाडताना सगळ्यांनी मिळून तिच्या दारात जायचं, आणि तोवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, एवढं एकच काम त्याच्यावर सोपवलेलं.

डोंगर तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या काळी एक राजा गादीवर बसला की त्याचे भाऊ, पुतणे सगळे पायांत लोखंडी बेड्या घालून वर डांबायचे. राजा मेला की त्यांतल्या एकाला खाली आणून मुकुट घालायचा. बाकीचे तिथेच म्हातारे व्हायचे.

कड्याखाली वाटेच्या कडेला कुणीतरी बसलं होतं. पांढरं पांघरूण डोक्यावरून घेतलेलं.

"मरणाची बातमी घेऊन निघालास."

बेलाचू थबकला.

"चालीवरून कळतं. आम्ही ती चाल ओळखतो. कोण गेलं?"

"कुणी नाही, बाबा. सणाला बहिणीकडे चाललोय."

"रिकाम्या हातांनी?"

बेलाचू दिवसभरात एकदाही रडला नव्हता. सगळं छातीत कोंडलेलं. ते निसटलं.

"तरणाताठा होता हो..."

"मुलगा आहे त्याला?"

"नाही."

"भाऊ?"

"नाही."

"म्हणजे जागा रिकामी आहे."

तो उठला. आणि वर... कड्यावर... माणसं जागी झाली. एक आवाज. मग दहा. मग कितीतरी. "मी!" "मला न्या!" "थोरला मी!" दगड घरंगळले. कुणीतरी किंचाळलं. मग...

काही नाही.

बेलाचूने मान वळवली. वाटेवर कुणी नव्हतं.

तो धावत सुटला. त्याने जाणत्यांना उठवलं, पण वाटेतलं काही सांगितलं नाही. पहाटे सातजण यशारेगच्या दारात उभे राहिले. कडी वाजवण्याआधीच तिने दार उघडलं. ओठांवर बोट.

"हळू बोला. मुलुकेन रात्रीच आलाय. झोपलाय आत."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"यशारेग, आधी बस बाई..." सगळ्यात वडील होते ते म्हणाले.

"बसते कसली! न्याहारीचं बघायचंय. दिवासुद्धा लावू दिला नाही मेल्याने. किती चालला असेल, दोन्ही घोटे गोल सोलून निघालेत. मी अंधारातच पाय धुतले त्याचे. जेवला आणि म्हणाला, आता मी इथेच राहणार."

बेलाचू आत गेला. मातीच्या ओट्यावर कातडं अंथरलेलं होतं. त्यावर कुणी नव्हतं.

"बाहेर गेला असेल," ती म्हणाली. "येईल."

दुपारी गोंदरहून प्रेत आलं. तिने तोंडावरचं कापड सारलं. बराच वेळ पाहिलं. मग बेलाचूला हळूच विचारलं, "कुणाचं रे लेकरू? याच्या आईला कळवलंत का?"

बेलाचू तिथून उठला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्याने पाय धुतलेली परात ओतायला धरली. ती उचलेना. पाणी तांबडं झालं होतं. त्याने हात घातला.

तळाशी गंज होता. लोखंडाचा. चार बोटं जाड.