फळ्यावरचं गाव

बापूसाहेबांनी एसटीडी बूथवरून बारामतीला फोन केला. "संजीवनीबाई, लगेच इंदापूरला या. माझ्या क्लासवर कुणीतरी करणी केलीय."

खासगी तपास करणाऱ्या संजीवनी घोलप करणीबिरणी मानत नव्हत्या. त्यांचा मदतनीस सोपान चांगलीच मानत होता, त्यामुळे त्या दिवशी त्याची स्कूटर काही केल्या पळेना.

क्लास म्हणजे पत्र्याची एक खोली. उंबऱ्यावर पिवळी पूड आणि खोबऱ्याचे तुकडे पडले होते. बाहेर चपलांचा एकच जोड होता. बापूसाहेब बूट घालून आतच उभे होते. फळ्यावर आदल्या दिवशीचा इंग्रजीचा धडा तसाच होता. डावीकडे सिटी, रिव्हर, व्हिलेज. उजवीकडे बारामती, भीमा, सांगवी. त्यातल्या सांगवीवर कुणीतरी पिवळी बोटं ओढली होती.

"सांगवी माझं गाव! नेमकं तेच हेरलंय," बापूसाहेब म्हणाले. "शेजारच्या क्लासवाल्यानं आमच्या झाडूवालीला, फुलाबाईला फितवलं असणार. किल्ली तिच्याकडंच असते. ती घेऊन कामावरून काढलंय, आता पोलिसांत देतो."

फुलाबाई बाहेर भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर पिवळा पट्टा, नजर जमिनीवर.

"दार उघडून मी पाणी आणाया गेले. कोण आलं ते न्हाय बघितलं. ह्या पगारावर माझी नात शाळंत जाती, बाई. मी कशाला आसलं करू?"

"हिच्या कपाळावरच पुरावा हाय की!" सोपान कुजबुजला. संजीवनीबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दाराच्या कडीत अडकलेला काळ्या लोकरीचा धागा त्या सोडवत होत्या.

आत इंग्रजीचे शिक्षक ज्ञानेश सर अनवाणी उभे होते. सोपानने फळ्याबद्दल विचारलं.

"जागांची नामं," ते म्हणाले. "व्हिलेज म्हटलं की कुठलंही गाव, ते सामान्यनाम. सांगवी म्हटलं की तेवढं एकच. ते विशेषनाम, म्हणून पहिलं अक्षर मोठं."

"आणि तुमचं गाव कुठलं, सर?" संजीवनीबाईंनी विचारलं.

"असंच... इकडंच, एक खेडं."

संजीवनीबाईंनी फुलाबाईला आत बोलावलं.

"ही करणी नाही, बापूसाहेब. करणी करणारा खोबरं उधळत नाही. हा देवाचा भंडारा आहे. फुलाबाईंनी तो कपाळी लावून घेतलाय, म्हणजे लावणारा त्यांच्यासमोर होता आणि त्या त्याला पाठीशी घालताहेत. कडीतला धागा घोंगडीचा आहे. राहिल्या बाहेरच्या चपला. सर, साधी हळद असती तर बापूसाहेबांसारखे तुम्हीही तुडवत आला असता. तुम्ही भंडारा ओळखलात. गावाचं नाव टाळलंत, म्हणजे आणणाराही ओळखलात. आणि ही बाई गुन्हेगार ठरत असताना गप्प राहिलात."

ज्ञानेशची मान खाली गेली. बोलताना त्याची पुस्तकी भाषा सुटली.

"आबा असणार, माझं वडील. आमी वरकुट्याचे. मेंढरं हुती आमची. पोरं हसतील म्हणून मीच म्हणलो हुतो, क्लासवर येऊ नका. लाज वाटायची मला त्यांची." फुलाबाईकडे बघायचं धाडस त्याला होईना.

"पोराच्या क्लासला देवाचा भंडारा लावाया आलता म्हातारा. त्यानं शपथ घातली हुती," फुलाबाई म्हणाली. "सांगू नगं, पोराला खाली बघाया लागंल म्हनला."

"पण सांगवीवरच का?" बापूसाहेबांनी विचारलं.

"त्यानं इचारलं, फळ्यावर काय हाय? म्या म्हणलं, गावांची नावं. काल सर शिकवत हुते तवा ऐकलं हुतं. तर म्हनला, मग आमचं वरकुटं असंलच. मला तरी कुठं वाचाया येतंय, सर? हाय की म्हणलं, आन् एका नावावर बोट ठिवलं. लई खूश झाला. डोळं पुसलं त्यानं."

बापूसाहेबांनी खिशातून किल्ली काढून मुकाट्याने फुलाबाईच्या हातावर ठेवली.

ज्ञानेशने खडू उचलला. भंडारा न पुसता त्याखाली मोठा व्ही काढला आणि वरकुटे पूर्ण लिहिलं. मग तो फुलाबाईच्या पायाशी वाकला. ती मागं सरकली.

"माझ्या पाया नगा पडू. वरकुट्याची यष्टी दुपारची हाय, म्हातारा स्टँडवरच असंल. जावा, आणून दावा त्येला."

ज्ञानेश धावत सुटला. त्याच्या चपला बाहेर तशाच पडून होत्या.