डोक्यावर दोन काळे पट्टे

"ही ओळ कोणी लिहिली?"

त्याने आमच्याच पेपरचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. गळ्यात दुर्बीण, बुटांना ओला चिखल.

"फोटोओळी मी लिहिते. काय चुकलं?"

"कलहंस लिहिलंय. हे पट्टकदंब आहेत. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे... दिसत नाहीत?"

"मला हंस दिसला, मी कलहंस लिहिला."

"उद्या उजाडताना तलावावर या. दाखवतो."

खात्री केल्याशिवाय दुरुस्ती छापत नाही, म्हणून गेले. वन विभागाने त्याला थंडीपुरतं पक्षी मोजायला नेमलं होतं. रात्रभर शेतात चरून पट्टकदंब पहाटे पाण्यावर उतरतात, मोजायचे तेव्हाच. एक मात्र मान उंच करून उभा होता.

"हा पहारेकरी," तो कुजबुजला. "बाकीचे निवांत."

"बिचारा! रोज हाच?"

"छे, पाळ्या असतात. तुमच्या ऑफिससारख्या."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तलावावर होते... चौथ्याही.

"दुरुस्ती एकदाच छापतात ना गं?" घरी मावशीने चहा ओतता ओतता विचारलं. मी बूट शोधत राहिले.

दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मग आकडे जुळवायचे, असं ठरलं होतं. दोन महिन्यांत एकदाही फरक पडला नाही.

मग ऊन तापू लागलं. थवे अस्वस्थ झाले.

"आठवड्यात उडतील. उत्तरेला, डोंगरांपलीकडे," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"दुसरा तलाव, लांबचा. नाहीतर इथेच बारमाही काम आहे. साहेबांना आज कळवायचंय."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मोजत राहिले. बासष्ट.

त्याच्या वहीत चौसष्ट.

"दोन जास्त धरलेत तुम्ही."

"हो?" त्याचे कान लाल झाले. "हे जन्मभर जोडीने राहतात... म्हणून मी... काठावरचे दोघेही धरले."

काठावर आम्ही दोघंच होतो.

"चुकलं असेल तर खोडतो," तो म्हणाला. पेन्सिलीचं रबर कागदाला टेकलं, पण हाललं नाही.

"राहू द्या," मी म्हणाले. "बरोबर आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. "साहेबांना सांगतो... इथेच थांबतोय."

"सांगा. आकडा मात्र बासष्टच कळवा हं."