दोन निळे

“मला निळे हवेत. सगळे.”

“घर रंगवायचंय की आभाळ?” डब्यातला रंग ढवळता ढवळता तिने विचारलं. रंगाच्या दुकानात शेड कालवायचं काम तिचं, त्यामुळे तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांची तिला सवय होती.

“कॉम्प्युटर.”

आता मात्र तिची मान वर झाली. विस्कटलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, बोटांवर सोल्डरिंगचे चटके... टीव्हीला जोडायचे जुने घरगुती कॉम्प्युटर तो दुरुस्त करायचा. त्यांना जेमतेम आठ रंग यायचे. मागे खोचलं की शेकडो रंग दिसतील असं एक कार्ड तो बनवत होता.

“बाबांचा तसलाच एक माळ्यावर धूळ खात पडलाय.”

“म्हणजे तुमच्या घरी यावं लागणार!”

“कॉम्प्युटर तुमच्याकडे येईल. हुरळून जाऊ नका.”

मग तो शेड विचारायच्या निमित्ताने येतच राहिला. एकदा तिने दोन निळे शेजारी ठेवले. “गिऱ्हाइकं म्हणतात, एकच आहे.”

“एकच तर आहे!”

“डोळे तपासून घ्या.”

तो बघत राहिला – पण तिच्याकडे.

“रंग इकडे आहे,” ती म्हणाली.

“हो... दिसतोय ना.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. ती पुरती गुंतली होती. पण हा पठ्ठ्या कार्डाबद्दल तासन्‌तास बोलायचा आणि नेमकं हवं ते बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायचा. आपण होऊन विचारायचं नाही, असं तिनेही ठरवून टाकलं.

शेवटी कॉम्प्युटर तयार झाला. कार्ड खोचलेलं होतं, सोबत प्रोग्रॅमची एक कॅसेट. “घरी लावून बघ,” तो तिची नजर चुकवत म्हणाला. “आणि... काय ते सांग.”

घरी बाबांनी आधी कार्डच उपसून काढलं. “फळीवर मावत नाही गं. जुनं चालतंय ना, बास!” जे काही असेल ते कॅसेटमध्येच असणार, म्हणून तिनेही हट्ट धरला नाही. कॅसेट लागली. पडदा निळा झाला. नुसता निळा. ती बराच वेळ वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ती फणकाऱ्यातच त्याच्याकडे गेली. “बघितलं. निळा आहे.”

“आणखी... काही नाही?”

“काही नाही.”

त्याचा चेहरा उतरला. “बरं,” एवढंच म्हणाला. तो ‘बरं’ तिला भयंकर झोंबला. तो पुन्हा दुकानात आला नाही, आणि तीही त्याच्याकडे गेली नाही. आत्याने आणलेल्या स्थळाला तिने होकार देऊन टाकला.

लग्नाची खरेदी घरात येऊन पडली, तेव्हा फळी रिकामी करताना बाबांना ते कार्ड सापडलं. “लावून तरी बघू,” म्हणत त्यांनी ते खोचलं आणि कॅसेट चालू केली.

पडदा निळा झाला. आणि त्या निळ्यात, केसाएवढ्या फरकाच्या दुसऱ्या निळ्यात, अक्षरं होती. ते दोन्ही निळे तिचेच होते. कार्डाशिवाय त्या मशीनला ते वेगळे दाखवताच आले नसते.

‘हे फक्त तुलाच वाचता येईल. माझ्याशी लग्न करशील?’

बाहेरच्या खोलीत तिच्या होणाऱ्या सासूबाई पत्रिकेचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत होत्या.

बाबा पडद्याजवळ वाकले, डोळे बारीक केले. “काय गं, एवढं काय बघतेयस? मला तर नुसता निळाच दिसतोय.”

“निळाच आहे, बाबा,” ती म्हणाली.